दुर्बिणीआधी माउंट, माउंटआधी राखीव रक्कम
नमस्कार,

तुमचा बेत असा: यंदाच्या बोनसमधून १०२ मिलिमीटर भिंगाची, एफ/७ ची (म्हणजे नाभीय अंतर भिंगाच्या व्यासाच्या सातपट) ट्रिपलेट अपोक्रोमॅट, म्हणजे रंग न फाकवणारी तीन भिंगांची दुर्बीण घ्यायची, बोनस त्यातच संपेल म्हणून माउंट (दुर्बीण ताऱ्यांसोबत फिरवणारी बैठक) दीड वर्षाच्या हप्त्यांवर घ्यायचा आणि आकाशाचे फोटो काढायला सुरुवात करायची. कॅमेरा आणि २०० मिलिमीटरची लेन्स तुमच्याकडे आहे. शिलकीत तीन महिन्यांचा घरखर्च आहे. ‘एकदाच चांगली वस्तू घेतली तर पैसे वाचतील ना?’ असं तुम्ही विचारलंय.

चांगली वस्तू घ्याच, पण आधी ही नाही. आणि हप्त्यांवर तर मुळीच नको. तीन महिन्यांची शिल्लक असताना छंदासाठी कर्ज काढलं आणि मध्येच नोकरीत काही खालीवर झालं, तर दुर्बीण पडत्या भावात विकावी लागते आणि हप्ते मात्र चालूच राहतात. म्हणून अर्धा बोनस राखीव निधीत टाका. उरलेल्या अर्ध्यात काय बसतं ते पाहू.

अशा फोटोग्राफीत सगळ्यात जास्त पैसे दुर्बिणीच्या नळीवर नाही, नळीखालच्या माउंटवर घालायचे असतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे आकाशात सेकंदाला जास्तीत जास्त १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतात. साधारण ३.९ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा ३६० मिलिमीटर नाभीय अंतराच्या लहान दुर्बिणीला लावला तर एक पिक्सेल सुमारे सव्वादोन विकलांचा होतो, म्हणजे माउंट फिरत नसेल तर तारा एका सेकंदात सहा-सात पिक्सेल पुढे जातो. तुमच्या मनातल्या दुर्बिणीचं नाभीय अंतर ७१४ मिलिमीटर, तिथे हाच आकडा तेराच्या पुढे जातो. एक्स्पोजर तर मिनिटामिनिटांचं हवं. माउंटच्या गिअरमधली प्रत्येक चूक मोठी नळी दुपटीने दाखवणार, आणि तुम्ही नेमका माउंटच हप्त्यांवर ढकलायला निघालात. शिवाय ती नळीच चार-पाच किलोंची, वर कॅमेरा आणि गायडिंगचं (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल सुधारत राहण्याचं) सामान. माउंटवर लिहिलेली वजनक्षमता नुसतं बघण्यासाठी धरलेली असते, फोटोसाठी तिच्या निम्मं ते दोन तृतीयांश वजनच धरावं.

दुसरं, या नळीत मावणार काय? एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरवर ७१४ मिलिमीटरला जेमतेम १.९ अंश रुंद आकाश येतं. देवयानी दीर्घिकेची लांबी ३ अंशांच्या आसपास, ती कापली जाणार. ३६० मिलिमीटरला ३.७ अंश मिळतात, त्यात देवयानी येते आणि कृत्तिका तर ऐसपैस बसतात. नवशिक्याला याच वस्तू आधी टिपायच्या असतात. (ग्रहांचे जवळून फोटो ही मनातली खरी ओढ असेल तर लहान रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) त्यासाठी नाही. ३६० मिलिमीटरला गुरू वीसेक पिक्सेलचा ठिपका दिसेल.)

म्हणून माझा क्रम असा. या वर्षी गायडिंगची सोय असलेला विषुववृत्तीय माउंट (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरणारा) घ्या आणि त्यावर तुमचा कॅमेरा व २०० मिलिमीटरची लेन्स लावा. माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे लावणं, गायडिंग, स्टॅकिंग (अनेक फोटो एकावर एक रचून एक करणं) हे सगळं त्यावरच शिकून होईल. गायडिंगसाठी पीएचडी२ आणि स्टॅकिंगसाठी सिरिल, डीपस्कायस्टॅकर हे प्रोग्रॅम फुकट आहेत. दुर्बिणीसाठी दरमहा वेगळी रक्कम बाजूला टाकत जा. हा माउंट पुढे लहान दुर्बिणीलाही पुरेल, त्यामुळे पहिला खर्च वाया जात नाही. आणि ढग, चांदणं, ऑफिसची सकाळ वगळून वर्षात किती रात्री हाती लागतात, तेही कळेल. त्या रात्रींनी किंमत भागून पाहा. ट्रिपलेट परवडते की नाही, हे तो भागाकारच सांगेल.

मग ६० ते ७२ मिलिमीटरची, एफ/६ च्या आसपासची ईडी (रंग कमी फाकवणाऱ्या) काचेची डब्लेट, म्हणजे दोन भिंगांची दुर्बीण घ्या. पैसे वाचवायला साध्या काचेची ॲक्रोमॅट दुर्बीण घेऊ नका. डोळ्याला ती चालते, पण कॅमेऱ्यात तेजस्वी ताऱ्यांभोवती जांभळं वलय येतं आणि वर्षभरात ती बदलावीशी वाटते. फील्ड फ्लॅटनरची (प्रतिमा कडेपर्यंत सपाट ठेवणाऱ्या भिंगाची) किंमत पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा, नाहीतर कोपऱ्यातले तारे लांबुडके येतील. बहुतेक फ्लॅटनरना सेन्सरपर्यंत ५५ मिलिमीटर अंतर लागतं, त्यासाठी ॲडॉप्टर आला. दवापासून भिंग वाचवणारा हीटर पट्टा, बॅटरी आणि फोटो साठवायला हार्ड डिस्क हेही आलंच.

फोकसरकडे (फोकस जुळवायला कॅमेरा पुढेमागे सरकवणाऱ्या भागाकडे) मात्र नीट लक्ष द्या. एफ/६ ला फोकस चुकायची मुभा सुमारे ०.१ मिलिमीटर असते. दुकानात कॅमेरा लावून नळी उभी करा, कुलूपस्क्रू सैल ठेवा आणि कॅमेऱ्याच्या वजनाने फोकसर खाली घसरतो का ते पाहा. घसरत असेल तर बाकी काच कितीही उत्तम असो, ती नळी सोडा. बारीक फिरवायची दुसरी गती हवीच. सोबत बाख्टिनोव्ह मास्क (नळीच्या तोंडावर लावायची खाचांची जाळी) घ्या, या यादीतली बहुधा सगळ्यात स्वस्त वस्तू. ताऱ्याच्या तीन रेषा दिसतात, मधली बरोबर मधोमध आली की फोकस झाला.

जुनी नळी घ्यायला माझी हरकत नाही, चांगली काच वर्षानुवर्षं टिकते. टॉर्च मारून भिंगात बुरशी आहे का ते तेवढं पाहा. माउंट मात्र जुना घेत असाल तर दोन्ही अक्ष हाताने हलवून किती ढिले आहेत ते तपासा, मोटर चालवून आवाज ऐका, आणि वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू होते का हे पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्या.