चणकाआधी मेडाका
माशांत लिंग कसे ठरते याच्या अभ्यासाला मांडवी नदीतील चणक या माशापासून आरंभ करण्याचा आपला विचार गोव्यातील अभ्यासकाला शोभणारा आहे. परंतु चणक आधी नर म्हणून प्रौढ होतो व काही वर्षांनी मादी बनतो, त्यामुळे नवशिक्यासाठी तो कठीण विषय ठरतो. आपण प्रथम मेडाका हा छोटा जपानी मासा घ्यावा, असा माझा आग्रह आहे. त्याच्या वाय गुणसूत्रावरील डीएमवाय हे नरत्व ठरवणारे जनुक २००२ मध्ये उजेडात आले. ते अंड्यातून पिल्लू बाहेर येण्यापूर्वीच, बीजपेशींना वेढणाऱ्या कायिक पेशींत व्यक्त होते, तर ज्याच्या प्रतीपासून ते उद्भवले ते डीएमआरटी१ हे जनुक पुष्कळ उशिरा. दोहोंचे डीएनए-क्रम बरेच सारखे असल्याने प्रायमर (हवे ते जनुक नेमके हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे) अत्यंत काळजीपूर्वक निवडावेत.

अरोमाटेझ, म्हणजे इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक बनवणारे विकर, याबाबत तर विशेष दक्षता हवी. माशांत त्याची दोन जनुके असतात, एक प्रामुख्याने अंडाशयात आणि दुसरे मेंदूत व्यक्त होणारे, म्हणून संपूर्ण पिल्लाचा आरएनए काढून दोहोंत भेद न केल्यास मेंदूतील संकेतालाच आपण अंडाशयाचा समजून बसाल. शक्य तेथे ऊतकछेदावर इन-सिटू संकरणाने (जनुक नेमके कोणत्या पेशींत व्यक्त होते ते दाखवणाऱ्या पद्धतीने) खात्री करावी.

पाण्याचे तापमान रोज नोंदवावे, आपल्याकडच्या मे महिन्यात तर अवश्यच, कारण उष्ण पाण्यात वाढलेले एक्सएक्स, म्हणजे जनुकीयदृष्ट्या मादी असलेले, मेडाकाही नर होऊ शकतात. प्रत्येक पिल्लाचे जनुकीय लिंग शेपटीच्या तुकड्यावरून स्वतंत्रपणे तपासावे.