वाचकांचे प्रश्न : सायकली मोजायच्या कशा, ताडायच्या कशा?

प्रश्न : आमचा महाविद्यालयीन गट नाशिकमध्ये सातपूर आणि गंगापूर रोडवर सायकली मोजणार आहे. पुण्यातला एक गट तिकडे मोजेल. मालेगावसाठी २०११च्या जनगणनेचे आकडे घ्यायचा विचार आहे. चालेल का?

उत्तर : मोजणीची जागा चौकात घेऊ नका, वळणाऱ्या सायकली दोनदा धरल्या जातात किंवा सुटतात. दोन चौकांमधला सरळ तुकडा घ्या. या बाजूच्या विजेच्या खांबापासून समोरच्या खांबापर्यंत मनात रेषा आखा. पुढचं चाक रेषा ओलांडेल तेव्हाच खूण करा. तक्ता दर १५ मिनिटांचा, दोन्ही दिशा वेगळ्या. एकाने पाहायचं, दुसऱ्याने लिहायचं, तासाने अदलाबदल; नजर थकली की सायकली हमखास सुटतात.

डबलसीट म्हणजे एक सायकल. ढकलत नेलेली धरू नये, पेडल असलेल्या ई-सायकलला वेगळा रकाना. हे नियम आधी लिहा आणि पुण्याच्या गटाला तसेच्या तसे पाठवा. वारही जपून निवडा : पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखाने गुरुवारी बंद असतात, तो दिवस घेतला तर नाशिक उगाच पुढे दिसेल. सातपूरला सकाळी सहापासूनच उभे राहा, पहिल्या पाळीचे कामगार त्याच सुमाराला निघतात.

चार तासांच्या आकड्याला चाराने गुणून १६ तासांचा आकडा काढू नका. सातपूरला एक दिवस सकाळी ६ ते रात्री १० पूर्ण मोजा. समजा त्यात ६०० सायकली आल्या आणि त्यातल्या २४० सकाळी ६ ते १० मध्ये, तर सकाळचा वाटा ४० टक्के. त्याच धाटणीच्या दुसऱ्या रस्त्यावर सकाळी १८० मिळाल्या तर दिवसाच्या साधारण ४५०. पण सातपूरचा हा वाटा गंगापूर रोडला लावू नये. तिथली सकाळ हेल्मेटवाल्या, व्यायामाच्या सायकलींची.

आता जनगणना. तिचा बी-२८ तक्ता फक्त कामावर जाण्याचं साधन सांगतो, तेही शेती आणि घरगुती उद्योगातले लोक वगळून. शाळा-क्लासच्या सायकली त्यात नाहीत. जिल्ह्याच्या 'नागरी' आकड्यात नाशिक, मालेगाव, मनमाड सगळी एकत्र येतात, त्यामुळे तो मालेगावचा म्हणून वापरता येणार नाही. तिथे स्वतःच मोजा. जिल्हे ताडायचे असतील तर 'प्रवास नाही' हा गट बेरजेतून काढूनच टक्के काढा. नाहीतर घरीच काम करणारे जिथे जास्त, तिथे सायकलींचा टक्का आपोआप खाली येतो.

प्रश्न : स्ट्राव्हाच्या (सायकलफेऱ्या नोंदवणारं ॲप) नकाशावरून तुलना होईल?

उत्तर : व्यायामाचे रस्ते कळतील, एवढंच. डबा हँडलला अडकवून नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत जाणारा कामगार ॲप सुरू करत नाही. एखाद्या रस्त्यावर स्ट्राव्हाचा आकडा वाढला, तर आधी हाताने मोजून पाहा : सायकली वाढल्या की नुसते ॲपवाले?