परळी शेजारी, मग वीज महाग कशी?

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही अंबाजोगाईचे. परळीचं थर्मल आमच्या उशाला, वीज तिथं तयार होते, मग आम्हाला तरी स्वस्त मिळायला नको का? घरात एसी नाही, तरी कूलरमुळं मे महिन्यात 180 युनिट पडले आणि बिल बघून डोकंच गरगरलं. सोलर बसवावं का?

उत्तर: ताई, परळीची वीज थेट तुमच्या घरी येत नाही, ती राज्याच्या ग्रीडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यात जाते, तिथं चंद्रपूर, कोयना, सोलर, पवनचक्क्या सगळ्यांची वीज एकत्र होते आणि त्या सगळ्या खरेदीचा खर्च धरून वीज नियामक आयोग दर ठरवतो, त्यामुळं महावितरणचा घरगुती दर अंबाजोगाईला जो तोच सावंतवाडीला.

आणि खरं सांगू का, परळीची वीज स्वस्त नाहीच. हे केंद्र कोळशावर चालतं, कोळसा इथं निघत नाही, रेल्वेनं लांबून येतो, ते भाडं दरात चढतं. कुठला संच, म्हणजे वीज बनवणारं यंत्र, आधी चालवायचा हे इंधनाच्या खर्चावर ठरतं, स्वस्तवाला आधी, म्हणून मागणी उतरली की परळीचे संच थांबवायची पाळी येते. पाण्याचं तर तुम्ही बघितलंच असेल, 2013 ला आणि परत 2015 ला दुष्काळात पाण्याअभावी अख्खं केंद्र बंद पडलं होतं. आज तिथं 250 मेगावॅटचे तीन संच, चंद्रपूर एकटं 2920 मेगावॅटचं.

तरी तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं. राख आणि धूळ सोसायची परळीच्या आसपासच्या गावांनी आणि दरात त्यांना काहीच सवलत नाही, हा अन्यायच आहे. दरवाढीचा प्रस्ताव आला की आयोग हरकती मागवतो, कुठलाही ग्राहक लेखी देऊ शकतो, आपल्या लोकांनी त्या द्यायलाच पाहिजेत.

आता बिल. 180 युनिट पडले म्हणजे सगळे महागात गेले असं नाही, पहिल्या 100 ला कमी दर, वरच्या 80 ला जवळपास दुप्पट, शिवाय स्थिर आकार, वीज पोहोचवण्याचा वहन आकार, कधी इंधनाचा खर्च वाढला म्हणून लागणारं इंधन समायोजन आणि वर 16 टक्के वीज शुल्क. म्हणून कूलरनं वाढलेले युनिट एवढे जड जातात.

सोलर बसवा, आपल्याकडं उन्हाला तोटा नाही. 1 किलोवॅटला महिन्याला साधारण 120 युनिट निघतात, तुम्हाला 2 किलोवॅट भरपूर होईल. पीएम सूर्यघर या केंद्राच्या छतावरच्या सोलर योजनेत 2 किलोवॅटला 60 हजार सबसिडी आहे, ती नंतर खात्यात येते, आधी पैशाची सोय बघावी लागेल. मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर असेल तर अर्जाआधी नाव बदलून घ्या, आणि पाण्याच्या टाकीची सावली पॅनलवर पडत नाही ना ते सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा बघा.