डोळ्यातला दाह मोजायचा कसा?

प्रश्न : आमच्या यजमानांचा उजवा डोळा लाल होऊन उजेड सहन होईना, तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी युव्हिआयटिस (डोळ्याच्या आतला दाह) असल्याचे सांगून स्टिरॉइडचे थेंब सुरू केले. आता डोळा स्वच्छ दिसतो, तरी केसपेपरवर ‘एक प्लस’ लिहून पुन्हा ओसीटी स्कॅन करायला सांगितले आहे. द्राक्षबागेची कामे अंगावर असताना ही खेप गरजेची आहे का?
— एक वाचक भगिनी, तासगाव

उत्तर : ताई, ही खेप कृपया चुकवू नका. लाली ओसरली म्हणजे आतला दाह शमला, असे या आजारात धरून चालता येत नाही. स्लिट लॅम्पवर डॉक्टर प्रकाशाची बारीक तिरीप डोळ्यात सोडतात, तेव्हा कौलांतून आलेल्या कवडशात धूळ तरंगताना दिसावी तशा बुबुळापुढच्या पाण्यात पांढऱ्या पेशी दिसतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार १ मिलिमीटर लांबी-रुंदीच्या तिरिपीत ६ ते १५ पेशी आढळल्या तर ‘एक प्लस’, १६ ते २५ आढळल्या तर ‘दोन प्लस’ आणि ५० हून अधिक आढळल्या तर ‘चार प्लस’ अशी नोंद होते. म्हणजे यजमानांच्या डोळ्यात दाह अजून शिल्लक आहे.

ही मोजणी मोलाची असली, तरी ती नजरेची आहे. ६ पेशी असोत वा १५, शेरा एकच पडतो. शिवाय ती डोळ्याच्या पुढच्या भागापुरतीच आहे. मागच्या पडद्याच्या मध्यभागी सूज आली तर ती थोडी असताना नुसत्या तपासणीत निसटू शकते, आणि या आजारात नजर कमी होण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. ओसीटीमध्ये परावर्तित प्रकाशावरून पडद्याच्या थरांचा उभा छेद उमटतो, पाणी साचलेल्या पोकळ्या त्यात काळ्या दिसतात आणि जाडी मायक्रॉनमध्ये मोजता येते. त्यात सुई नाही, क्ष-किरणही नाहीत. पुढच्या भागातील पेशीही अशा प्रतिमेत ठिपक्यांसारख्या दिसतात. पण त्या यंत्राने मोजण्याचे काम अजून मुख्यतः संशोधनाच्या पातळीवर आहे.

शक्यतो पूर्वीच्याच यंत्रावर स्कॅन करून घ्या आणि जुनी प्रिंट सोबत न्या, कारण वेगवेगळ्या यंत्रांचे जाडीचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. थेंब मनाने बंद करू नका आणि मनाने लांबवूही नका. स्टिरॉइडमुळे डोळ्याचा दाब वाढू शकतो, म्हणून त्याच खेपेत दाबही तपासून घ्या.