मोठे मासे जिवंत, मग जिरंच का मरतं?

प्रश्न: आमच्या धानाच्या बांध्यांच्या खालच्या अंगाला बोडी (छोटं तळं) आहे. रोवणी झाली की रोहू-कतल्याचं जिरं (माशांची अगदी बारीक पिल्लं) सोडतो पण आठवडाभरात जवळपास सगळं गायब होतं. मागच्या वर्षीचे मोठे मासे मात्र मस्त फिरतात. मग पाणी खराब कसं म्हणायचं?
– एक वाचक, भंडारा जिल्हा

उत्तर: भाऊ, मोठे मासे फिरतात म्हणजे पाणी चांगलं, हा हिशोब आधी सोडा. जिरं म्हणजे जेमतेम ५ ते ८ मिलिमीटरचा जीव, त्याचे कल्ले अजून पुरते तयार नसतात, श्वास बराचसा कातडीतूनच चालतो, त्यामुळे पाण्यात जे काही असेल ते सरळ अंगात जातं, आणि ते विष मोडून बाहेर टाकणारं लिव्हरही कच्चंच असतं. खोडकिड्यावर सायपरमेथ्रीन किंवा लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रीन हे कीटकनाशक फवारलं आणि वरून पाऊस आला की बांधीतलं पाणी बोडीतच उतरणार ना! ही औषधं माशाला फार जहाल, लिटरभर पाण्यात काही मायक्रोग्रॅमसुद्धा जीव घ्यायला पुरतात. क्लोरपायरीफॉस हे दुसरं कीटकनाशक मज्जातंतूंवर काम करतं, पिल्लू धड पोहत नाही, खात नाही.

आणि सगळं लगेच मरतं असंही नाही, मला याचीच जास्त काळजी वाटते. रोहूचं अंडं १४ ते १८ तासांत फुटतं, तेवढ्यातच हृदय, पाठीचा कणा सगळं घडत असतं. तेव्हा विष लागलं तर पाठ वाकडी होते, हृदयाभोवती पाणी साचतं, हवेची पिशवी भरत नाही. झेब्राफिश या छोट्या माशाची अंडी पारदर्शक असल्याने लॅबमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. असं अधू पिल्लू तुम्हाला मेलेलं दिसणारच नाही, त्याआधीच कोणीतरी गिळलेलं असतं.

सगळा दोष औषधावर टाकू नका मात्र. पाणकिडे आणि तुमचे ते मोठे मासेही जिरं फस्त करतात, पहाटे ऑक्सिजन घटतो तेही बघा.

पुढच्या वेळी जिरं नको, बोटुकलीच (बोटाएवढी वाढलेली पिल्लं) सोडा, ती बरीच तग धरते. फवारणीनंतर मोठा पाऊस झाला असेल तर थांबा. आधी बारीक जाळीच्या हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिशवीत, थोडी पिल्लं टाकून एक दिवस-रात्र बघा, टिकली तरच बाकीची सोडा. बांधीचं पाणी बोडीत येणाऱ्या जागी मातीचा बांध घाला, आणि फवारणीचा पंप बोडीत धुवायचा नाही, हे मजुरांनाही बजावून सांगा.