अवधाण, लस आणि लसीका

प्रश्न असा आहे: पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, तिला घरी 'अवधाण' म्हणतात. डॉक्टरांनी मात्र 'लसीका ग्रंथी सुजली आहे' असं सांगितलं. दोन्ही एकच का? आणि या लसीकेचा टोचायच्या लसीशी काही संबंध आहे का?

अवधाण हा शब्द अजून घरात बोलला जातोय हे वाचूनच फार बरं वाटलं. दोन्ही एकच, असं चटकन म्हणता येईल, पण नेमकं बोलायचं तर फरक आहे. लसीका ग्रंथी हा अवयव. निरोगी माणसाच्या अंगातही अशा पाचसहाशे ग्रंथी असतात. अवधाण हे त्या अवयवाचं नाव नाही, त्याला जे होतं त्याचं नाव आहे. म्हणून आपण 'अवधाण आलं' म्हणतो. शिवाय खाली कुठेतरी जखम आहे, हे त्या शब्दात धरलेलंच असतं.

लहानपणी सुट्टीत गावी अनवाणी हिंडताना माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. वरचा तुकडा उपटला आणि विसरून गेलो. दोनतीन दिवसांनी लंगडायला लागलो तो टाचेमुळे नव्हे, जांघेमुळे. आजीने चाचपून पाहिलं. हरभऱ्याहून मोठी, दाबली की कळ येणारी गाठ. तिने लगेच माझा तळपाय उजेडाकडे वळवला. "अवधाण आलंय. टोक आत राहिलंय बघ." सुई जाळावर धरून तिने ते काढलं. आठवड्याभरात गाठ ओसरली.

आजीने गाठीवरून काट्यापर्यंत माग काढला. शरीरात हाच रस्ता उलट्या दिशेने चालतो. रक्तवाहिन्यांतून पाणी सतत आजूबाजूला झिरपतं. त्यातलं जे परत रक्तात शिरत नाही, ते रोज सुमारे ३ लिटर, बारीक लसीकावाहिन्या गोळा करतात. हीच लसीका. तिला ढकलायला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांचं स्वतःचं आकुंचन, चालताना दाबले जाणारे स्नायू, श्वास आणि मागे जाऊ न देणाऱ्या झडपा यांवर ती वर सरकते आणि शेवटी मानेच्या बुडाशी रक्तात मिसळते. वाटेत ग्रंथींची नाकी लागतात. जंतूंचे तुकडे घेऊन आलेल्या पेशी तिथे ते तुकडे लसीकापेशींना, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. लाखोंतल्या ज्या थोड्या पेशींना ते तुकडे नेमके जुळतात, त्या भराभर वाढतात आणि ग्रंथी सुजते. पायाच्या जखमेचं अवधाण जांघेत, हाताच्या जखमेचं काखेत. (काखमांजरी निराळी, ते काखेतलं गळू.)

'ग्रंथी' या शब्दाने थोडा घोटाळा होतो. शाळेत ग्रंथी म्हणजे स्राव सोडणारी, असं शिकवतात आणि ही तसला स्राव सोडत नाही. पण संस्कृतात ग्रंथी म्हणजे गाठच, तेव्हा शब्द चुकलेला नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा लोकांनी त्याला 'गाठीचा ताप' म्हटलं, तीही हीच गाठ.

आता लस. जखमेतून पाण्यासारखं येतं त्याला आपण लस म्हणतो, आणि लसीका त्याच घरातला शब्द. टोचायची लसही पूर्वी खरोखर असंच पाणी होती. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातली ही पहिली. बगदाद, बसरा करत, एकाच्या दंडावरच्या फोडातलं पाणी दुसऱ्याच्या दंडात टोचत ती इथवर पोचली होती. इंग्रज डॉक्टर त्या पाण्याला 'लिम्फ'च म्हणत, म्हणजे लसीकेला जो शब्द तोच. आज बाटलीतल्या औषधात फोडाचा अंशही नाही, नाव तेवढं राहिलं.

एक गोष्ट मात्र जपा. जखम नसताना आलेल्या, न दुखणाऱ्या, टणक, तीनेक आठवडे न ओसरणाऱ्या गाठीला अवधाण म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. आडवं झाल्यावर आत जाणारा जांघेतला फुगवटा तर बहुधा अंतर्गळ (हर्निया) असतो.

आणि लिहिताना शेवटी ण लिहा. अवधान म्हणजे लक्ष. तो शब्द वेगळा.