साडेतीन वर्षांच्या मुलीला दाखवता येतील असे छोटे, गोड आणि शांत ॲनिमे (जपानी कार्टून) कोणते?

तुम्ही लिहिलंय की मुलगी साडेतीनची आहे, डोरेमॉन-शिनचॅन नको, मारामारी नको, आरडाओरडा नको आणि एक एपिसोड पाच-सात मिनिटांत संपला पाहिजे. असं बरंच काही आहे हो, फक्त आपल्याकडच्या चॅनेलवर जे हिंदीत येतं त्यावरून ॲनिमे म्हणजे एवढंच असं आपण धरून चालतो. जपानमध्ये दोन-तीन मिनिटांचे एपिसोड हा प्रकार चांगलाच रुळलेला आहे, लहान मुलांच्या कार्यक्रमात मध्येच एक छोटी गोष्ट बसवायची असते ना, त्यासाठी. आमच्या पोराला आता पाचवं लागलंय, आणि मी स्वतः आधी बघून मगच त्याला दाखवतो, त्यामुळे खालचं सगळं दोघांच्याही नजरेखालून गेलेलं आहे.

माझं म्हणाल तर सुरुवात ज्यात बोलणंच नाही अशापासून करा. या वयात सबटायटल वाचता येत नाहीत, जपानी कळत नाही, आणि गोष्ट नुसती बघून कळली की मुलं स्वतःच बडबडायला लागतात, "बाबा ती बघ ती घाबरली", असं.

अशात एक नंबर म्हणजे पुई पुई मोलकार. २०२१ चं आहे, तोमोकी मिसातो नावाच्या दिग्दर्शकाने केलंय. त्या जगात सगळ्या गाड्या म्हणजे गोलमटोल गिनी पिग आहेत, खाली चाकं, पोटात माणसं बसलेली. सगळं फेल्टच्या, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या, बाहुल्या करून, एकेक फोटो काढत स्टॉप मोशनमध्ये केलेलं, म्हणजे स्क्रीनवर हात फिरवून बघावासा वाटतो इतकं मऊ दिसतं. आवाज खऱ्या गिनी पिगचे आहेत. पहिल्याच एपिसोडमध्ये ट्रॅफिक जाम होतो आणि मागे अँब्युलन्स अडकते, हे आपल्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही, रोज बघतातच. एकात भर उन्हात बंद गाडीत राहिलेल्या मांजराला सोडवायचं असतं. गंमत म्हणजे हे बनवण्यात शिन-एई ॲनिमेशन आहे, तेच डोरेमॉन-शिनचॅनवाले, म्हणजे ज्यांना तुम्ही दारातून घालवताय ते मागच्या दाराने असे गोंडस होऊन आत येतायत 😄 फक्त एक सांगतो, एका भागात झॉम्बी आहेत. विनोदीच आहे, पण साडेतीनच्या मुलीला आधी तुम्ही बघून मग ठरवा, आम्ही तो भाग बरेच दिवस पुढे ढकलत होतो. बारा भाग, प्रत्येक पावणेतीन मिनिटांच्या आत-बाहेर, म्हणजे अख्खी सिरीज अर्ध्या तासात खलास, मग परत पहिल्यापासून, मुलांना काय, तेच तेच हवं असतं. दुसरी सिरीज २०२२ ची, ड्रायव्हिंग स्कूलवाली, तीही ठीक आहे पण पहिलीच जास्त गोड.

दुसरं, आणि आमच्या घरातलं सगळ्यात लाडकं, चीज स्वीट होम. हे बोलणाऱ्यांचं आहे, पण तरी दाखवा, कारण सांगतो. कोनामी कानाता यांच्या कॉमिकवरून मॅडहाऊस स्टुडिओने २००८ मध्ये केलं, १०४ भाग, प्रत्येक तीन मिनिटांचा. ची म्हणजे करड्या-पांढऱ्या रंगाचं मांजराचं पिल्लू, आई आणि भावंडांच्या मागून चालता चालता चुकतं आणि योहेई नावाच्या लहान मुलाला सापडतं, मग यामादांच्या घरी राहायला येतं. पण त्यांच्या बिल्डिंगमध्ये प्राणी पाळायला बंदी! इथे आपले मराठी आईबाप एकदम घरच्यासारखे खुश होतात, कारण सोसायटीची नोटीस काय चीज असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मग लपवालपवी, शेजारी येतील का, मालकीण बघेल का. बाकी रोजचंच, पहिली आंघोळ, डॉक्टरकडे जाणं, शी-शू कुठे करायची ते शिकणं, पडद्यावर चढणं, आणि अस्वलाएवढा एक काळा बोका जो दिसायला गुंड पण चीला सगळं शिकवतो. तीन मिनिटांत एकच छोटी घटना घडते आणि संपते.

आता भाषेचं. ची बोबडं बोलते. जपानी ऑडिओ अगदी कमी आवाजात ठेवायचा आणि आपण शेजारी बसून मराठीत तिचा आवाज काढायचा, "मला दूद हवंय, आत्ताच्या आत्ता हवंय", असं. मला आधी वाटलं पोरगा म्हणेल गप्प बस, पण आता उलट झालंय, मी नसलो तर तो बघतच नाही, आणि आजी बसली तर आजीची ची वेगळी बोलते, ती थोडी कोकणातली आहे आणि तिला मासे कुठले हवेत ते ती नाव घेऊन सांगते. सबटायटल शब्दाला शब्द लावायची काहीच गरज नाही, चित्रावरून गोष्ट कळते, तुम्ही काहीही बोला, मुलं तुमच्या चुका काढायला लागली की समजायचं त्यांना कळतंय. मुलगी नंतर स्वतः योहेईचा आवाज घेईल बघा.

एक गोष्ट मात्र मनाची तयारी करून ठेवा. ची सुरुवातीला आईला शोधत असते आणि हळूहळू तिला आई आठवेनाशी होते. हे फार हळुवार दाखवलंय, कुणी रडारड करत नाही, पण "तिची आई कुठे गेली?" हा प्रश्न येणार म्हणजे येणारच, बहुतेक रात्री झोपताना येईल. आणि २०१६ ला याचंच थ्रीडी कॉम्प्युटरवालं व्हर्जन आलं, सर्च केलं की कधी कधी आधी तेच वर येतं. वाईट नाहीये पण चकाचक आणि धावपळीचं आहे, जुन्याचे ते फिकट वॉटरकलरसारखे रंग त्यात नाहीत. मागायचं असेल तर २००८ चं मागा.

तिसरं कोमानेको. ड्वार्फ नावाचा स्टॉप मोशन स्टुडिओ आहे, त्यातल्या त्सुनेओ गोदांचं. एक छोटी मांजर स्वतःच बाहुल्या शिवून कॅमेऱ्याने त्यांची फिल्म बनवते. मांजरीचे ते म्याव म्याव सोडले तर बोलणं नाही. वेग इतका संथ आहे की रोज यूट्यूबवर रंगीबेरंगी धडाधड गाणी बघणारं मूल पहिल्या दोन मिनिटांत उठून जाईल, जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी परत लावा. आमच्याकडे यानंतर कणकेचा गोळा आणि माझा मोबाईल घेऊन फिल्म काढणं चालू झालं, मोबाईलची अवस्था विचारू नका.

बनान्या पण आहे, २०१६ चं, केळ्याच्या सालात राहणारी मांजर जिला कधीतरी चॉकलेटमध्ये बुडून गोड व्हायचंय. तीन मिनिटं, १३ भाग, बस एवढंच, टाइमपास.

आता जे दाखवू नका ते सांगतो, कारण पोस्टर बघून फसायला होतं. क्यूट आणि शांत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अग्रेत्सुकोमध्ये गोड लाल पांडा दिसेल, ती ऑफिसात पिचलेली असते आणि कराओकेला जाऊन डेथ मेटल नावाची कर्कश गाणी किंचाळते, ते आपल्यासाठी आहे, मुलांसाठी अजिबात नाही. चिईकावाचे एपिसोड जेमतेम मिनिटभराचे असतात आणि पात्रं म्हणजे नुसते पांढरे गुबगुबीत गोळे, पण मधूनच राक्षस येतात आणि गोष्टीला असं काही वळण लागतं की मोठ्या माणसाला पण कसंतरी होतं. रिलाक्कुमा आणि काओरू (ड्वार्फचंच, २०१९) दिसायला अप्रतिम, अस्वल म्हणजे किती लोभस, पण गोष्ट एकट्या पडलेल्या नोकरदार बाईची आहे. मूल अस्वल बघेल आणि तुम्हीच मध्ये हळव्या व्हाल. त्याच स्टुडिओचं पोकेमॉन कॉन्सिएर्ज, डिसेंबर २०२३ चं, ते मात्र चालेल, एका बेटावरच्या रिसॉर्टमध्ये पोकेमॉन सुट्टीला येतात, लढाया नाहीत. एपिसोड पंधरा-वीस मिनिटांचे आहेत म्हणून वर्षभराने.

पोकेमॉनवरून आठवलं, १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये त्याच्या एका भागात लाल-निळा प्रकाश इतक्या वेगाने लुकलुकला की सहाशेच्यावर लोकांना, बहुतेक मुलांनाच, दवाखान्यात न्यावं लागलं. त्यानंतर तिकडे अशा दृश्यांवर नियम आले आणि कार्टूनच्या सुरुवातीला खोलीत उजेड ठेवा, लांब बसून बघा अशी पाटी यायला लागली. आपणही तेवढं पाळावं, लाइट बंद करून मोबाईल नाकाला लावून नको. वेळेचं म्हणाल तर आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन ते पाच वयाला दिवसाला फार तर एक तास म्हणते. ऑटोप्ले बंद करा पण, नाहीतर तीन मिनिटांच्या एपिसोडचा फायदा काय, एकाला एक जोडून तासभर होतोच.

आणि अर्धा तास एका जागी बसायला लागली की पांडा कोपांडा दाखवा. १९७२ चं, दिग्दर्शन इसाओ ताकाहाता, कथा-पटकथा हायाओ मियाझाकींची, या दोघांचा पुढे गाजलेला घिबली स्टुडिओ सुरू व्हायच्या कितीतरी आधीचं. त्या साली चीनकडून टोकियोच्या उएनो झूमध्ये पांडा आले आणि अख्खा जपान पांडावेडा झाला होता. आजी गावाला गेलेली, घरात एकटी छोटी मिमिको, आणि एक भलामोठा पांडा आणि त्याचं पिल्लू दारात येतात तर ती घाबरत नाही, मोठ्याला सरळ बाबा करून टाकते आणि पिल्लाची आई होते. पुढच्या वर्षी दुसरा भाग आला, त्यात पूर येतो आणि सगळं गाव पाण्यात, पण कुणी बुडत नाही, काळजी नको. मिमिको खुश झाली की हातांवर उलटी उभी राहते, त्यामुळे बघताना सोफ्यासमोरचं टीपॉय आधी बाजूला करून ठेवा.